जेवणापूर्वीची प्रार्थना, घरातली पंगत आणि हसू: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईतल्या मराठी ख्रिस्ती घरांत रात्रीच्या जेवणाआधीची दोन-चार ओळींची प्रार्थना हा बहुधा दिवसातला एकमेव क्षण असतो, ज्या वेळी आजी, नातवंडे आणि लोकलच्या गर्दीतून नुकतेच घरी पोचलेले आईवडील एकाच वेळी गप्प बसतात. आणि नेमके तेव्हाच कोणाला तरी हसू येते. रविवारच्या शाळेत मुलांना शिकवताना आणि कुटुंब उपासनेच्या निमित्ताने घरोघरी जाताना मला याविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले गेले, ते येथे उत्तरांसह एकत्र केले आहेत. मी प्रोटेस्टंट मंडळीत वाढले आहे, परंतु आमच्या शेजारच्या कॅथोलिक घरांतही मी पुष्कळ जेवले आहे, त्यामुळे दोन्हीकडचे अनुभव या उत्तरांत आले आहेत.

जेवणापूर्वी प्रार्थना करावी, अशी आज्ञा बायबलमध्ये आहे का?

नेमक्या या शब्दांत आज्ञा नाही. उलट, जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकात (८:१०) क्रम वेगळा आहे: खाऊन तृप्त झाल्यावर, परमेश्वराने दिलेल्या उत्तम देशाबद्दल त्याचा धन्यवाद कर, असे तेथे म्हटले आहे. यहुदी कुटुंबांत आजही भाकरी मोडण्याआधी एक छोटा धन्यवाद आणि जेवण झाल्यावर मोठी प्रार्थना, अशी रीत आहे. आपली सवय मुख्यतः प्रभू येशूच्या उदाहरणावरून आली आहे. पाच हजारांना जेवू घालण्यापूर्वी त्याने भाकरी घेऊन उपकारस्तुती केली (योहान ६:११), आणि अम्माऊसच्या वाटेवर ज्या दोघांना तो बरोबर चालूनही ओळखू आला नव्हता, त्यांनी त्याला ओळखले ते तो जेवायला बसला आणि त्याने भाकरी मोडली तेव्हा (लूक २४:३०-३१).

मला स्वतःला सर्वांत जवळचा वाटणारा प्रसंग प्रेषितांच्या कृत्यांच्या सत्ताविसाव्या अध्यायातला आहे. चौदा दिवस वादळात सापडलेले गलबत, त्यावर २७६ माणसे, कोणाच्याही पोटात धड अन्न नाही, आणि त्या सर्वांच्या देखत प्रेषित पौल भाकर घेतो, देवाचे उपकार मानतो आणि खाऊ लागतो. त्यानंतर बाकीच्यांना धीर येतो आणि तेही खातात. तेथे तो उपदेश करत बसत नाही. जेवणापूर्वीच्या प्रार्थनेकडून किती अपेक्षा ठेवावी, याचे माप मी याच प्रसंगावरून घेते: जमलेल्यांना धीर येऊन त्यांचा हात घासाकडे जावा, एवढे पुरे.

प्रार्थना चालू असताना हसू फुटले, तर ती प्रार्थना वाया जाते का?

नाही. मात्र हा प्रश्न बहुतेक वेळा एखाद्या आईने रडवेल्या मुलाला जवळ घेऊन विचारलेला असतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

उत्पत्तीच्या अठराव्या अध्यायात अब्राहामाच्या तंबूपुढे तीन पाहुणे येतात. घरात धावपळ होते, सपिठाच्या भाकरी भाजल्या जातात, कोवळे वासरू रांधले जाते, दही आणि दूध वाढले जाते. ते पाहुणे झाडाखाली जेवतात आणि पुढच्या वर्षी सारेला मुलगा होईल, असे वचन दिले जाते. सारा तंबूच्या दाराआड उभी राहून ऐकते आणि मनातल्या मनात हसते. या वयात मूल कसले, असे तिला वाटते. परमेश्वर विचारतो की सारा का हसली. ती घाबरून नाकारते, त्यावर तो म्हणतो की नाही, तू हसलीसच. त्या हसण्याची दखल घेतली जाते, पण त्यासाठी वचन मागे घेतले जात नाही. ज्या मुलाच्या कल्पनेने ती हसली, त्याचे नावच पुढे इसहाक, म्हणजे 'तो हसतो', असे ठेवले जाते आणि सारा म्हणते की देवाने मला हसवले आहे (उत्पत्ती २१:६). जेवणाच्या प्रसंगी, देवाच्या समक्ष, तेही अविश्वासाने आलेले हसू देवाने असे सांभाळून घेतले असेल, तर सहा वर्षांच्या मुलीला कुकरच्या शिटीने आलेले हसू त्याला जड जाणार नाही.

आमच्या घरात माझ्या भाच्याने एकदा अगदी मनापासून प्रार्थना केली: "हे प्रभू, या जेवणाबद्दल तुझे उपकार मानतो, आईचे हात बरे कर, आणि ते वांगं दादाच्या ताटात जाऊ दे, आमेन." 'आईचे हात' यासाठी की त्याच दुपारी तव्याने तिची बोटे भाजली होती. आम्ही सगळे हसलो. माझी वहिनी हसता हसता रडलीही. त्या मुलाला आपण काही विनोद केला आहे, हे ठाऊकच नव्हते. ज्याच्याजवळ आईची बोटे बरी करायला मागायची, त्याच्याजवळच वांगेही मागायचे, एवढा साधा हिशेब होता. मला त्यात अनादर दिसत नाही. त्या वेळी त्याला 'असे देवाला सांगू नये' म्हणून गप्प केले असते, तर पुढच्या वेळी त्याने वांग्याबरोबर आईची बोटेही वगळली असती.

व्यवहारात इतकेच करावे: हसू आले तर प्रार्थना करणाऱ्याने क्षणभर थांबावे, सर्वांना श्वास घेऊ द्यावा, राहिलेले वाक्य पूर्ण करावे आणि आमेन म्हणावे. डोळे वटारणे, चिमटा काढणे किंवा पुन्हा पहिल्यापासून प्रार्थना करायला लावणे, यांपैकी काहीही करू नये. डोळे वटारण्यासाठी आधी उघडावे लागतात, हे मुलांच्या फार लवकर लक्षात येते.

इफिसकरांस ५:४ मध्ये पौलाने टवाळी निषिद्ध ठरवली आहे. मग विनोदाला जागा कोठे उरते?

हा प्रश्न गांभीर्याने घ्यायला हवा, कारण त्याच वचनात पौल अमंगळ बोलणे, बाष्कळ गोष्टी आणि टवाळी यांच्या जागी उपकारस्तुती होवो, असे म्हणतो. म्हणजे एका पारड्यात टवाळी आणि दुसऱ्यात नेमकी आपण जेवणापूर्वी करतो ती गोष्ट. ज्याला आदराची चाड आहे, त्याने हे वचन चटकन बाजूला सारू नये.

ज्या मूळ ग्रीक शब्दासाठी आपल्या मराठी बायबलात 'टवाळी' हा शब्द आला आहे, तो 'यूत्रापेलिया' असा आहे. गंमत अशी की ॲरिस्टॉटलने हाच शब्द चांगल्या अर्थाने वापरला होता: सतत विदूषकी करणारा आणि कधीच न हसणारा आंबट माणूस, या दोहोंच्या मधला, हसतमुख आणि हजरजबाबी माणूस त्याला अभिप्रेत होता. पौलाच्या पत्रात तो शब्द अमंगळ बोलण्याच्या पंक्तीला बसल्यामुळे त्याला वाईट वळण आले आहे. तेराव्या शतकात ख्रिस्ती धर्मशास्त्रज्ञ थॉमस अक्विनास यांनी हा प्रश्न पुन्हा हाती घेतला आणि खेळकरपणाला सद्गुणांत स्थान दिले. इतकेच नव्हे, तर जो स्वतः कधी विनोद करत नाही आणि दुसऱ्यांनाही करू देत नाही, त्याचे वागणे सदोष आहे, असेही लिहिले. म्हणजे पौलाचे वचन मोडीत निघाले असे नाही. ज्या हसण्याने कोणाची तरी इज्जत जाते, ज्याला अश्लीलतेचा वास येतो किंवा ज्यामुळे देव हा केवळ चेष्टेचा विषय होतो, ते हसणे आजही त्या वचनाच्या कचाट्यात सापडते. मुलाचे वांगे त्यात सापडत नाही.

याच पौलाने दुसऱ्या पत्रात, तुमचे बोलणे कृपायुक्त आणि मिठाने रुचकर केल्यासारखे असावे, असे लिहिले आहे (कलस्सैकरांस ४:६). ज्यांच्या घरात कालवणात मीठ कमी पडले म्हणून वादावादी झाली आहे, त्यांना हे वचन समजावून सांगावे लागत नाही. मिठाची गोम प्रमाणात असते. प्रभू येशूच्या बोलण्यातही हे मीठ आहे. मुरकूट गाळून काढणारे आणि उंट गिळून टाकणारे शास्त्री (मत्तय २३:२४) डोळ्यांपुढे आणले की मुले खदखदून हसतात. डोळ्यातल्या कुसळाची आणि मुसळाची गोष्ट तर मराठीत इतकी मुरली आहे की आमच्या चाळीतल्या कितीतरी जणांना ती बायबलातही आहे, हे सांगूनही खरे वाटत नसे.

देवाला 'तू' म्हणणे उद्धटपणाचे नाही का? मुलांना 'आपण' म्हणायला शिकवावे का?

'तू' हेच म्हणावे. 'हे आमच्या स्वर्गातील पित्या, तुझे नाव पवित्र मानले जावो', या प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत आदराची सर्वांत मोठी मागणी 'तुझे' या शब्दातूनच केली आहे. जुन्या मराठी घरांत आईला 'ए आई' आणि वडिलांना 'अहो बाबा' म्हणत. त्या काळातही स्वर्गातल्या पित्याला मात्र 'तू' होते. याचे मूळ आपल्या मराठी ख्रिस्ती मंडळीपेक्षा फार जुने आहे. वारकरी संतांनी विठ्ठलाला माउली म्हटले, 'तू' म्हटले, त्याच्याशी भांडणही केले. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी याच मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि पुढे ख्रिस्ती भक्तीची गीते अभंग-ओवीच्या वळणाने लिहिली. ती आजही मराठी मंडळ्यांत गायली जातात. त्या गायनात वाढलेल्या आपल्या आजी-आजोबांना जवळीक आणि धाक यांची फारकत करावी, असे कधी वाटले नाही. आमच्या पिढीने इंग्रजी शाळेतून जो शिष्टाचार आणला, त्यातून 'आपण'चा प्रश्न उभा राहिला असावा, असा माझा अंदाज आहे.

मुलांनी यमक जुळवलेली, गमतीची प्रार्थना म्हटली तर चालेल का?

चालेल. यमकामुळे लहान मुलाला धरायला काहीतरी मिळते, जसे बेस्टच्या बसमध्ये उभ्या प्रवाशाला कडी मिळते. मात्र पाठ केलेल्या ओळींनंतर स्वतःचे एक वाक्य घालायला सांगावे, म्हणजे गाडी घोकंपट्टीवर थांबत नाही.

गमतीची प्रार्थना केव्हा थांबवावी, हे ओळखण्याची माझी खूण अशी: मूल ती म्हणताना कोणाकडे पाहते आहे? डोळे मिटलेले असतील, तर ते देवाशी बोलते आहे, मग शब्द कितीही मजेशीर असोत. एक डोळा किलकिला करून ते समोरच्या भावंडाचे हसू तपासत असेल, तर ती नक्कल झाली. ती जेवण झाल्यावर सर्वांपुढे करायला सांगावी आणि टाळ्याही वाजवाव्यात. मुलाला यात शिक्षा झाली असे वाटत नाही, आणि दोहोंतला फरक त्याचा त्यालाच कळतो.

आमच्या घरात प्रार्थनेतूनच टोमणे मारले जातात. यावर काय करावे?

या पानावरच्या सर्व प्रश्नांत हा मला सर्वांत गंभीर वाटतो. मुलांच्या हसण्यावर आपण उगाच चिंता करतो आणि मोठ्यांची ही खोड 'गंमत' म्हणून खपते.

ती सर्वांच्या ओळखीची आहे. "हे प्रभू, आमच्या सूनबाईला मिठाचा अंदाज दे." "प्रभू, या घरातल्या काही जणांना रविवारी लवकर उठण्याची सुबुद्धी दे." "नोकरीसाठी अजून खटपट न करणाऱ्यांना तू मार्ग दाखव." पंगतीतले दोघे-तिघे ओठ दाबून हसतात आणि ज्याच्याविषयी बोलले गेले, त्याला उत्तरही देता येत नाही, कारण सर्वांचे हात जोडलेले आहेत, डोळे मिटलेले आहेत आणि बोलणारा देवाशी बोलतो आहे. भर पंगतीत बोलला गेलेला टोमणा निदान परतवता येतो. प्रार्थनेत गुंडाळलेल्या टोमण्यावर ऐकणाऱ्याला शेवटी आमेनही म्हणावे लागते.

माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या नाताळात एका ज्येष्ठ नातलगांनी असेच, माझ्या स्वयंपाकाविषयी, अगदी हसत हसत प्रार्थनेत म्हटले होते. ताटात बाजरीची भाकरी होती. तिच्या कडेला पडलेली चीर मला अजून दिसते, कारण पुढचा सगळा वेळ मी तिच्याकडेच पाहत होते. त्या रात्री मी प्रार्थना ऐकली नाही, आणि त्यानंतर कित्येक महिने त्या घरात प्रार्थना सुरू झाली की माझे खांदे आपोआप आखडत.

म्हणून एक नियम आमच्या घरी आम्ही पुढे घातला आणि तो कोणालाही सुचवावासा वाटतो: पंगतीत बसलेल्या माणसाविषयी प्रार्थनेत बोलायचे असेल, तर फक्त आभार मानायचे किंवा त्याने स्वतः सांगितलेली गरज मांडायची. सुधारणा सुचवायची असेल, तर ती आमेननंतर, त्याच्याकडे पाहून आणि शक्यतो एकांतात. विनोद करायचाच असेल, तर तो स्वतःवर करावा. "प्रभू, आज मी केलेले हे कालवण गोड मानून घेण्याची या सर्वांना शक्ती दे", असे स्वयंपाक करणाऱ्यानेच म्हटले, तर पंगत हसते आणि कोणाची मानही खाली जात नाही.

काही पाहुण्यांची प्रार्थना फार लांबते आणि अन्न निवते. त्यांना थांबवता येईल का?

थांबवू नये, पण आधी सांगता येते. "काका, आज छोटीशी प्रार्थना कराल का? फुगे गरम आहेत", एवढे पुरते, गरम फुग्यांची, म्हणजे तळलेल्या गोल पावांची, किंमत आमच्या ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्या मूळच्या मराठी बोलणाऱ्या कॅथोलिक, शेजाऱ्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज नसते. शास्त्राचा आधार हवा असेल, तर उपदेशक ५:२ मध्ये देवापुढे शब्द मोजके असावेत, असे म्हटले आहे, आणि पुष्कळ बोलल्याने आपले ऐकले जाईल असे समजू नका, असे प्रभूनेही सांगितले आहे (मत्तय ६:७). जगभरच्या मिशनऱ्यांसाठीची प्रार्थना जेवणानंतर, शांतपणे करता येते. भुकेल्या मुलांना ताटापुढे बसवून ती करणे मुलांवर आणि मिशनऱ्यांवरही अन्याय आहे.

चर्चमध्ये गंभीर आणि घरच्या पंगतीत मोकळे, हा दुटप्पीपणा नाही का?

चर्चमध्ये आपण हसत नाही, हे गृहीतच मला मान्य नाही. ज्यांनी मराठी मंडळीतला हंगामाचा सण पाहिला आहे, त्यांनी आठवून पाहावे. वेदीपुढे दुधी, पपई, तांदूळ, अंडी, केक, कधी जिवंत कोंबडी अशी अर्पणे मांडलेली असतात, उपकारस्तुतीची गायने होतात, आणि उपासना संपताच त्याच वस्तूंचा लिलाव सुरू होतो. एक नारळ तिघांनी विकत घेऊन तिन्ही वेळा परत अर्पण करावा, कोंबडीने मधेच आवाज दिला की तोही बोलीत धरावा, आणि पाळकसाहेबांनीही हसत भाव चढवावा, असा तो प्रकार असतो. अर्पण देवाचेच असते आणि हसूही प्रामाणिक असते. कॅथोलिक ईस्ट इंडियन लोकांच्या आगेऱ्यात ऑक्टोबरमध्ये नव्या भाताच्या लोंब्या आशीर्वादासाठी वाजतगाजत नेतात आणि मग जेवणे होतात. तेथेही कोणी तोंड पाडून चालत नाही. भातशेती राहिली नाही अशा उपनगरांतही हा सण टिकला, तो त्या मिरवणुकीच्या आणि जेवणाच्या आनंदामुळेही, असे मला वाटते.

प्रोटेस्टंट धर्मसुधारक मार्टिन लूथर यांनी १५२९ च्या लहान प्रश्नोत्तरावलीत, म्हणजे धर्मशिक्षणाच्या छोट्या पुस्तिकेत, घरच्या जेवणासाठी स्तोत्र १४५ मधली वचने दिली: सर्वांचे डोळे तुझ्याकडे लागतात आणि तू त्यांना यथाकाळी अन्न देतोस. मुलांनी हात जोडून, नम्रपणे मेजापाशी यावे, असेही त्यांनी सांगितले. आणि तेथेच त्यांनी एक छोटी टीप जोडली की तृप्त होणे म्हणजे सर्व प्राण्यांना इतके खायला मिळणे की ते आनंदित आणि प्रसन्न होतात, कारण चिंता आणि लोभ या आनंदाच्या आड येतात. हात जोडणे आणि प्रसन्न होणे एकाच पानावर आले आहे. हे मला फार मोलाचे वाटते.

ऑफिसात, हॉटेलात किंवा लोकलमध्ये डबा उघडल्यावर प्रार्थना करावी का?

करावी, पण मनातल्या मनात पुरते. लोकांनी पाहावे म्हणून केलेल्या प्रार्थनेविषयी प्रभूने मत्तय ६:५ मध्ये काय म्हटले आहे, ते आपल्याला ठाऊक आहे. सहकाऱ्याने "डोकं दुखतंय का?" असे विचारले, तर खरे ते हसून सांगावे, लपवण्यासारखे त्यात काही नाही. डबेवाल्याने आणलेला डबा असेल, तर त्याच्यासाठीही एक वाक्य असावे. बाहेरून जेवण मागवले असेल, तेव्हा पावसात भिजत ते दारापर्यंत आणणाऱ्या मुलाचे आभार आधी दारात मानावेत आणि मग मेजावर देवाचे.

घरात कॅथोलिक आणि प्रोटेस्टंट दोन्ही आहेत किंवा पंगतीला हिंदू पाहुणे आहेत. प्रार्थना कशी करावी?

वसई, वांद्रे, भायखळा अशा ठिकाणी अशी लग्ने आता नवीन राहिलेली नाहीत. कॅथोलिक माणूस क्रुसाची खूण करतो आणि ठरावीक शब्दांची प्रार्थना म्हणतो, प्रोटेस्टंट माणूस त्या त्या वेळी सुचलेल्या शब्दांत करतो, आणि दोघांनाही दुसऱ्याची रीत मनातून थोडी विचित्र वाटते. ठरावीक शब्दांना 'पाठांतर' म्हणून हसू नये. दमलेल्या माणसाला त्याच शब्दांचा आधार असतो. सुचलेल्या शब्दांना 'भाषण' म्हणूनही हसू नये. आळीपाळीने प्रार्थना केली की प्रश्न मिटतो.

हिंदू पाहुण्यांना आधी सांगावे की आम्ही अर्धा मिनिट प्रार्थना करतो, तुम्ही नुसते बसलात तरी चालेल. बहुतेकांना ते परके वाटत नाही, कारण 'वदनी कवळ घेता' म्हणून शाळेचा डबा उघडण्याची सवय पुष्कळांना असते आणि आपल्याही कित्येक मुलांना ते तोंडपाठ असते. आमच्या शेजारच्या मुलाने एकदा आमच्या आमेननंतर तेही मोठ्याने म्हणून टाकले आणि मगच घास घेतला. माझ्या वडिलांनी हातातला घास खाली ठेवला आणि त्याचे संपेपर्यंत थांबले. कोणीही हसले नाही. मुलगा स्वतःच नंतर लाजून हसला. दुसऱ्याच्या भक्तीच्या वेळी हातातला घास खाली ठेवायचा असतो, हे आम्ही त्या दिवशी न सांगता शिकलो.

दुःखाच्या किंवा भीतीच्या वेळी प्रार्थनेत हलके बोलणे योग्य आहे का?

ते बोलणारा कोण आहे, यावर अवलंबून आहे. ज्याच्यावर दुःख कोसळले आहे, त्याने केले तर इतरांनी साथ द्यावी. इतरांनी स्वतःहून सुरुवात करू नये.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. आम्ही तेव्हा कुर्ल्यात पहिल्या मजल्यावर राहत होतो. तळमजल्यावरची दोन कुटुंबे आमच्याकडे वर आली होती, वीज गेली होती, माझा भाऊ घरी पोचला नव्हता आणि आईने मेणबत्तीच्या उजेडात मोठ्या पातेल्यात खिचडी केली होती. वडिलांनी प्रार्थना सुरू केली. ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "हे प्रभू, जूनमध्ये मंडळीत आम्ही पावसासाठी प्रार्थना केली होती. ती तू ऐकलीस. आता पुरे." तळमजल्यावरच्या काकू पदर तोंडाला लावून हसल्या, मग सगळेच हसलो, आणि त्या हसण्यातच वडिलांचा आवाज फुटला आणि त्यांनी भावाचे नाव घेतले. भाऊ दुसऱ्या दिवशी दुपारी घरी आला. त्या पावसात शहरात किती माणसे गेली, हे नंतर कळले, तेव्हापासून वडिलांनी ते वाक्य गंमत म्हणून कधी कोणाला सांगितले नाही. आम्ही सांगू लागलो तर ते उठून जात. ती रात्र आणि ते शब्द ही त्यांची आणि देवाची गोष्ट होती, तिचा किस्सा होऊ नये, असे त्यांना वाटत असावे. आज ती येथे लिहिताना मीही थोडी थांबले होते.

आमचा पंधरा वर्षांचा मुलगा प्रार्थनेच्या वेळी डोळे मिटत नाही, मोबाइल पाहतो आणि 'आमेन' मुद्दाम विचित्र आवाजात म्हणतो. काय करावे?

मोबाइल मेजावरून सर्वांचे जावेत, वडिलांचाही. डोळे मिटण्याची सक्ती करू नये. बायबलात डोळे वर करून केलेल्या प्रार्थनाही आहेत. विचित्र आमेनकडे काही दिवस दुर्लक्ष करावे आणि मग एखाद्या रात्री त्यालाच शांतपणे विचारावे, "आज तू करशील का?" नाही म्हणाला, तर आग्रह धरू नये. या वयात चेष्टा हा बहुधा लाज लपवण्याचा मार्ग असतो.

आजींना आता विसर पडतो. त्या जेवताना मधेच पुन्हा प्रार्थना सुरू करतात आणि मुले हसतात. मुलांना रागवावे का?

रागवू नये, आणि आजींना 'झाली मघाशीच' असेही सांगू नये. त्यांच्यासाठी ती झालेली नसते. घास खाली ठेवावा, हात जोडावेत आणि दुसऱ्यांदाही तितक्याच मनापासून आमेन म्हणावे. मुलांना एकदा बाजूला घेऊन समजावले की ती सहसा साथ देतात. काहींना तर त्याचे अप्रूप वाटते.

माझ्या आजीच्या शेवटच्या दोन वर्षांत आमच्याकडे हे रोज होत असे. नगरकडच्या वळणाची तिची प्रार्थना तीनच वाक्यांची होती आणि तिचा एकही शब्द शेवटपर्यंत चुकला नाही, चुकायची ती फक्त वेळ. एका रात्री माझा भाचा, तोच वांग्यावाला, मोठ्याने म्हणाला, "आजी, आज तीन आमेन झाले!" आम्ही सगळे दचकलो. आजीने त्याच्याकडे पाहिले, तिला काय समजले कोण जाणे, पण ती तोंडभर हसली आणि म्हणाली, "असू दे बाळा, एखादं उद्याचं धर." मग तिने भाकरी मोडली, अर्धी त्याच्या ताटात ठेवली आणि विचारले, "प्रार्थना केली का रे?"

त्याने भाकरी खाली ठेवली आणि हात जोडले.